दिवस राहिलेत, होणारच!

जुन्या सिनेमांत एक सीन ठरलेला असायचा. नायिका हातात ताट घेऊन येते, तिच्या डोळ्यांपुढे सगळं गरगरतं, ताट पडतं, पाठोपाठ नायिका पडते. डॉक्टर धावत येतात, नाडी बघतात (फक्त नाडी, बरं का!) आणि हसत हसत सांगतात, "घाबरण्यासारखं काही नाही, पेढे वाटा." सासूबाई खूश, नवरा लाजलेला. चक्कर का आली हा प्रश्न तिथेच संपतो.

हा सीन फक्त सिनेमातला नाही. आमच्या वयाच्या मंडळींत सध्या दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी 'बातमी' देतं, आणि त्याबरोबर ठरलेलं वाक्य ऐकू येतं. चक्कर आली? दिवस राहिलेत, होणारच. थकवा? होणारच. डोळ्यांपुढे अंधारी? होणारच. वाक्य प्रेमाचं असतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं.

सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार चांगला माहीत आहे. टेस्टर बग टाकतो, डेव्हलपर दोन मिनिटं बघतो आणि 'बाय डिझाइन' असा शेरा मारून तिकीट बंद करतो. दहातल्या नऊ वेळा त्याचं बरोबर असतं. दहाव्या वेळी रात्री दोन वाजता प्रॉडक्शन झोपतं. गरोदरपणातली चक्कर आणि फिट यांचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा मला तो अशाच तिकिटांचा इतिहास वाटला. 'बाईला दिवस गेलेत म्हणून' असं लिहून बंद केलेलं तिकीट कुणीतरी पुन्हा उघडलं, काहीतरी मोजलं, आणि त्यातून बायका वाचल्या. त्यातल्या काही गोष्टी आज सांगतो.

आधी 'बाय डिझाइन' काय ते बघू. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत हॉर्मोन्समुळे रक्तवाहिन्या सैल पडतात. पाइप रुंद झाले की दाब उतरतो. तसा रक्तदाब पहिल्या काही महिन्यांत खाली येतो आणि मध्यावर कधीतरी सगळ्यात कमी असतो. बराच वेळ उभं राहिलं की रक्त पायांत साठतं. त्यात सकाळच्या उलट्या, पोटात पाणी नाही, अन्न नाही. मग लोकलच्या गर्दीत किंवा तिकिटाच्या रांगेत मेंदूला काही सेकंद रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतं. आडवं झालं की रक्त पुन्हा डोक्याकडे येतं आणि शुद्धही येते. बहुतेक चकरांची गोष्ट एवढीच. सिनेमातले डॉक्टर अगदीच चुकत नव्हते.

प्रश्न उरलेल्या चकरांचा आहे.

बर्मिंगहॅमचा हट्टी सर्जन

समजा, पाळी चुकून सहा-आठ आठवडे झालेत. ओटीपोटात एका बाजूला दुखतंय, थोडं रक्त दिसतंय, आणि बाई उभी राहिली की घेरी येऊन पडते. कधी कधी खांद्याच्या टोकाला विचित्र दुखतं. ही साधी चक्कर नव्हे. गर्भ गर्भाशयात न रुजता गर्भनलिकेत रुजला, नलिका फाटली आणि पोटात रक्तस्राव सुरू झाला, की असं होतं. खांदा दुखतो कारण पोटातलं रक्त श्वासपटलाला झोंबतं आणि त्या भागाच्या नसा मेंदूला 'खांदा' असा चुकीचा पत्ता सांगतात. बाहेर रक्त फारसं दिसतही नाही. शंभर गर्भधारणांमागे एक-दोन अशा असतात.

हा प्रकार वैद्यांना शतकानुशतकं माहीत होता, पण मुख्यतः शवविच्छेदनातून. फिलाडेल्फियाच्या जॉन पॅरीने १८७६ मध्ये अशा सुमारे पाचशे केसेस गोळा करून पुस्तक लिहिलं. त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश बायका दगावल्या होत्या. पोट उघडून रक्त थांबवावं हा विचार कुणाच्या डोक्यात नव्हता असं नाही, पण करायला कुणी धजत नव्हतं.

१८८१ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमला हॉलराइट नावाच्या डॉक्टरने एका पेशंटसाठी लॉसन टेट या सर्जनला बोलावलं. हॉलराइटचं निदान होतं, नलिका फाटली आहे. त्याने सुचवलं, पोट उघडून ती काढून टाका. टेट म्हणजे काही घाबरट माणूस नव्हे. पोटाच्या शस्त्रक्रियांमध्ये त्याचं मोठं नाव होतं, आणि लिस्टरच्या जंतुनाशक फवाऱ्याची उघड टिंगल करत गरम पाणी आणि साबणावर विश्वास ठेवणारा तो एक भांडखोर गृहस्थ होता. पण या वेळी त्याने नाही म्हटलं. बाई गेली. शवविच्छेदनात हॉलराइटचं निदान तंतोतंत बरोबर निघालं. फाटलेल्या जागेच्या मुळाशी एक गाठ मारली असती तर रक्त थांबलं असतं, हे टेटला समोर दिसलं. पुढे त्याने हे स्वतःच आपल्या व्याख्यानांत सांगितलं.

जानेवारी १८८३ मध्ये त्याने अशी पहिली शस्त्रक्रिया केली. तीही पेशंट वाचली नाही. आधी मुळाशी बांध घालायचा आणि मग बाकीचं आवरायचं, हा क्रम त्याला त्यातून कळला. मार्चमधली दुसरी पेशंट वाचली. १८८८ पर्यंत त्याने चाळीसच्या आसपास अशा शस्त्रक्रिया केल्या आणि त्यात फारच थोड्या बायका दगावल्या. दोन तृतीयांश मृत्यूंवरून इथपर्यंत यायला पाच वर्षं लागली. नवीन औषध नाही, नवीन यंत्र नाही.

पण टेट पोट उघडायचा तो लक्षणांवर विसंबून, तेही नलिका फाटल्यावर. फाटण्याआधी कळायला आणखी पाऊण शतक लागलं, आणि त्यात आपला एक जातभाई आहे.

ग्लासगोला इयन डोनल्ड नावाचे स्त्रीरोगाचे प्राध्यापक होते. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात असताना रडार-सोनारशी त्यांची ओळख झाली होती. २१ जुलै १९५५ ला त्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी दोन गाड्यांच्या डिकीत भरल्या आणि थेट बॅबकॉक अँड विलकॉक्स या बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात नेल्या. तिथे धातूतल्या भेगा शोधायचं अल्ट्रासाउंड यंत्र होतं. तुलनेसाठी कारखान्याने गोमांसाचा एक मोठा तुकडाही आणून ठेवला होता. प्रतिध्वनी वेगवेगळे आले. पाण्याची गाठ आणि भरीव गाठ ओळखता येत होती.

पुढच्या वर्षी केल्विन अँड ह्यूज कंपनीतला टॉम ब्राऊन हा विशीतला इंजिनियर एका ऑपरेशन थिएटरमध्ये दिव्याच्या कामाला गेला असताना त्याच्या कानावर आलं, की इथला एक प्राध्यापक बायकांच्या पोटातल्या भेगा शोधतोय. पठ्ठ्याने डोनल्डना स्वतः फोन केला, त्यांचं खटारा यंत्र बघितलं आणि ते नीट बनवायचं मनावर घेतलं. १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डोनल्ड, मॅकव्हिकर आणि ब्राऊन अशा तिघांच्या नावाने लेख आला. सोनोग्राफीची खरी सुरुवात ती. १९७२ मध्ये अमेरिकेत रक्तातलं बीटा-एचसीजी हे हॉर्मोन अचूक मोजायची पद्धत निघाली. रक्ताचा आकडा सांगतो की गर्भ आहे, आणि पडदा सांगतो की गर्भाशय रिकामं आहे. मग गर्भ आहे कुठे? हा प्रश्न नलिका फाटायच्या आधी विचारता येऊ लागला.

आपल्याकडे याच यंत्राने वेगळाच इतिहास घडवला, मुली पाडण्याचा. त्यासाठी महाराष्ट्राला १९८८ मध्ये आणि देशाला १९९४ मध्ये कायदा करावा लागला. तो विषय स्वतंत्र लेखाचा.

परळच्या प्रयोगशाळेत

आता मुंबईत येऊ. चक्कर आणि थकव्याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे अंगात रक्त कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायका ॲनिमिक निघाल्या. निम्म्याहून जास्त! एखादी गोष्ट निम्म्या लोकांना होते तेव्हा ती आजार वाटेनाशी होते. 'बाईमाणसाला असतोच अशक्तपणा.'

१९२८ मध्ये ल्युसी विल्स ही चाळिशीची इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये कामाला आली. गिरणी कामगार बायकांमध्ये गरोदरपणी एक भयंकर ॲनिमिया दिसत होता आणि कित्येकींचा त्यात जीव जात होता. विल्सबाईंनी वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून मग डॉक्टरकी केली होती, त्यामुळे त्यांची शोधायची पद्धत पद्धतशीर. जंतूमुळे होतं का? तसं काही सापडेना. मग कोण काय खातं ते बघितलं. गरीब वस्त्यांमधल्या, विशेषतः फळं-भाज्या नावालाच खाणाऱ्या बायकांमध्ये आजार जास्त होता. उंदरांना आणि नंतर माकडांना तसाच आहार देऊन बघितला, आणि माकडांना तसाच ॲनिमिया झाला. एका आजारी माकडाला त्यांनी मार्माइट दिलं. मार्माइट म्हणजे बिअरच्या यीस्टपासून केलेला, पावाला लावायचा काळा, खारट, स्वस्त चिकटा. माकड सुधारलं. मग बायकांना दिलं, त्याही सुधारल्या. १९३१ मध्ये हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आलं.

मार्माइटमधल्या त्या अज्ञात पदार्थाला लोक 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड नाव मिळालं. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने मोठी चाचणी जाहीर केली. आधीच्या बाळाच्या मणक्यात किंवा मेंदूत दोष होता अशा बायकांनी दिवस राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं, तर तोच दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. आज 'बातमी' कळल्यावर (खरं तर त्याच्याही आधी) डॉक्टर जी छोटी गोळी लिहून देतात, तिची पाळंमुळं परळमध्ये आहेत. मला हे अगदी अलीकडे कळलं, आणि परळवरून जाताना आता दर वेळी आठवतं.

चक्कर की फिट?

इथे जरा थांबायला हवं, कारण घरात गोंधळ होतो तो नेमका इथे. बाई पडली आणि पडल्यावर हातपाय झटकले. बघणारे म्हणतात, फिट आली. कुणी कांदा आणतं, कुणी चप्पल हुंगवतं. (दोन्हींचा उपयोग शून्य. फिट आपोआप थांबते आणि श्रेय चपलेला मिळतं!)

पण हातपाय झटकले म्हणजे फिटच असं नाही. १९९४ मध्ये बर्लिनमध्ये लेम्पर्ट आणि सहकाऱ्यांनी एक भन्नाट प्रयोग केला. धडधाकट तरुण स्वयंसेवकांना उकिडवं बसून जोरजोरात श्वास घ्यायला लावायचा, मग झटकन उभं राहून श्वास कोंडायला सांगायचा. मंडळी बेशुद्ध पडायची. हे सगळं व्हिडिओवर चित्रित करून मग सावकाश तपासलं. बेचाळीस जण पूर्ण बेशुद्ध झाले, आणि त्यातल्या जवळजवळ ९० टक्के लोकांच्या अंगाला झटके आले. फिटचा आजार कुणालाच नव्हता. मेंदूला काही सेकंद रक्त मिळालं नाही, एवढंच.

म्हणजे झटके दिसण्यावरून फारसं ठरत नाही. ठरतं ते बारीकसारीक गोष्टींवरून. पडायच्या आधी काय होत होतं? उभी होती की झोपलेली? चेहरा पांढरा पडला की निळा? झटके पंधरा सेकंद चालले की दोन मिनिटं? जिभेची कड चावली गेली का? आणि मुख्य म्हणजे, शुद्ध आल्यावर लगेच 'मी कुठे आहे' विचारलं की अर्धा तास गुंगीत होती? सगळी यंत्रं आली तरी डॉक्टर अजून सगळ्यात आधी हेच विचारतात, आणि याची उत्तरं पेशंटकडे नसतात. ती बघणाऱ्याकडे असतात.

चमचा, मेणबत्ती आणि एप्सम सॉल्ट

आणि खरीच फिट असली तर? बाळंतपणाच्या सुमारास येणारी आकडी हे शेकडो वर्षांचं भय होतं. १७३९ मध्ये फ्रान्सच्या सॉव्हाज यांनी झटकन उद्भवणाऱ्या झटक्यांना 'एक्लॅम्प्सिया' म्हणत त्यांना कायमच्या फेफऱ्यापासून वेगळं काढलं. शब्द ग्रीक, अर्थ साधारण 'लखकन चमकणं'. वीज चमकावी तसा आजार, आगापीछा नसलेला. उपचार काय, तर शीर कापून रक्त काढणं. कारण पाळी बंद, म्हणून रक्त अंगात साठलंय, ते डोक्यात चढतंय. थोडक्यात, दिवस राहिलेत, होणारच!

१८४३ मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या जॉन लीव्हरने वेगळंच केलं. त्याच हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइटने मूत्रपिंडाच्या आजारासाठी एक साधी परीक्षा रूढ केली होती. चमच्यात लघवी घ्यायची आणि मेणबत्तीवर तापवायची. अंड्याच्या पांढऱ्यासारखी साका धरली तर त्यात अल्ब्युमिन आहे. लीव्हरने आकडी आलेल्या बायकांची लघवी तापवली, तर जवळपास सगळ्यांमध्ये साका. पण मला त्याचं खरं कौतुक पुढच्या पायरीसाठी वाटतं. त्याने आकडी न आलेल्या पन्नासहून जास्त बाळंतिणींची लघवीही तपासली. त्यात अल्ब्युमिन नव्हतं. ज्या थोड्यांत होतं, त्यांच्यात आकडीची पूर्वलक्षणं दिसत होती. म्हणजे ही वीज न सांगता पडत नव्हती. आधी खुणा होत्या, फक्त कुणी तापवून बघितलं नव्हतं.

१८९६ मध्ये इटलीत रीव्हा-रोची यांनी दंडाला बांधायचा पट्टा आणला आणि पुढच्याच वर्षी व्हाके आणि नोबेकूर या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवलं, की या बायकांचा रक्तदाब चढलेला असतो. आज प्रत्येक तपासणीला बीपी बघतात आणि लघवीत पट्टी बुडवतात, त्यामागे हे दोन शोध आहेत.

औषधाची गोष्ट मात्र वाचताना चीड येते. मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे आपलं साधं एप्सम सॉल्ट, आकडीवर १९०६ मध्येच जर्मनीत वापरून झालं होतं. १९२५-२६ मध्ये अमेरिकेत ते शिरेतून आणि स्नायूतून देऊ लागले. अमेरिकेचा त्यावर विश्वास बसला. ब्रिटनमध्ये डायझेपाम आणि फेनिटॉइन चालायचं. भारतात मद्रासच्या कृष्ण मेनन यांचं तीन औषधांचं 'लायटिक कॉकटेल' बराच काळ प्रमाण होतं. प्रत्येक जण आपापल्या अनुभवाची शपथ घेत होता. मेंदूविकारतज्ज्ञ म्हणायचे, मॅग्नेशियम हे फिटचं औषधच नव्हे. हा वाद सत्तर वर्षं चालला, आणि तेवढ्या काळात कुणी सरळ मोठी तुलना करून बघितली नाही.

ती १९९५ मध्ये जाहीर झाली. भारतासह नऊ विकसनशील देशांतल्या सुमारे १७०० बायकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वाटून वेगवेगळी औषधं दिली गेली. आपल्या भाषेत ए/बी टेस्ट. निकाल असा, की पुन्हा आकडी येण्याचं प्रमाण मॅग्नेशियममुळे डायझेपामच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी आणि फेनिटॉइनच्या तुलनेत ६७ टक्क्यांनी कमी झालं. २००२ च्या 'मॅगपाय' चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायका होत्या. तिथे दिसलं, की रक्तदाब चढलेल्या गरोदर बाईला आधीच मॅग्नेशियम दिलं तर आकडीची शक्यता निम्म्याहून खाली येते. २००३ मध्ये सोलापूरच्या डॉक्टरांनी आपल्या बायकांचं वजन अमेरिकन बायकांपेक्षा कमी असतं हे धरून कमी डोसची पद्धत मांडली. सगळ्या वादाचं उत्तर मिळालं ते एका अत्यंत स्वस्त मिठात.

फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची. एक्लॅम्प्सिया हा पाचव्या महिन्यानंतरचा, म्हणजे वीस आठवड्यांपुढचा आजार. (द्राक्षगर्भासारखे अपवाद दुर्मीळ.) त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात फिट आली तर 'गरोदरपणाची आकडी' म्हणून सोडून देता येत नाही. उलट्यांनी साखर किंवा सोडियम उतरलंय का, मेंदूतल्या शिरेत गुठळी आहे का, टेपवर्मची गाठ आहे का, की आधीपासूनच फिटचा आजार आहे, हे सगळं बघावं लागतं.

लपवलेली गोळी

यातलं शेवटचं कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त लपवलं जातं.

फिटवरच्या पहिल्या खऱ्या औषधाची कथाच विचित्र आहे. १८५७ मध्ये लंडनच्या एका वैद्यकीय सभेत सर चार्ल्स लोकॉक यांनी सांगितलं, की पंधरा बायकांना पोटॅशियम ब्रोमाइड दिलं आणि चौदा जणींच्या फिट थांबल्या. लोकॉक कोण? राणी व्हिक्टोरियाची बाळंतपणं करणारे डॉक्टर. त्यांचा समज होता, की पाळीच्या वेळी येणाऱ्या फिट हिस्टेरियाच्या, वासनेच्या असतात, आणि ब्रोमाइड वासना शमवतं. कारण साफ चूक, औषध बरोबर. पण या बायकांवर मारलेला शिक्का औषधापेक्षा जास्त टिकला.

आपल्याकडे तो थेट कायद्यात होता. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणाऱ्या वेडाच्या झटक्यांच्या जोडीला 'एपिलेप्सी' आली. म्हणजे फिटचा आजार असला तर लग्न रद्द ठरवून घेता येत होतं. हा शब्द डिसेंबर १९९९ मध्ये काढला. कायद्यातून गेला, स्थळांच्या बाजारातून गेला का? मुलीची गोळी पर्सच्या आतल्या कप्प्यात जाते, सासरी सांगितलं जात नाही. दिवस राहिले की बाळाला त्रास होईल या भीतीने ती गुपचूप बंद होते. आणि मग दुसऱ्या महिन्यात 'अचानक' फिट येते. घरचे म्हणतात, दिवस राहिलेत म्हणून असेल.

बरं, तिची भीती सगळीच खोटी आहे का? तसंही नाही. व्हॅलप्रोएट हे औषध १९६२ मध्ये फ्रान्समध्ये योगायोगाने सापडलं. इतर रसायनं विरघळवायला ते वापरत होते आणि लक्षात आलं, की फिट थांबवतोय तो हा विरघळवणाराच. १९६७ पासून ते विकलं जाऊ लागलं. १९८२ मध्ये लियोंच्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मधून इशारा दिला, की गरोदरपणी ते घेणाऱ्या बायकांच्या बाळांमध्ये मणक्याचे दोष जास्त दिसताहेत. पुढे कळलं, की जन्मजात दोषांचं प्रमाण दहात एकाच्या आसपास आहे आणि तीस-चाळीस टक्के मुलांच्या वाढीत, बोलण्यात, शिकण्यात अडचणी येतात. तरी ब्रिटनमध्ये गर्भधारणा टाळण्याची व्यवस्था असल्याशिवाय मुलींना ते द्यायचं नाही, हा कडक नियम यायला २०१८ उजाडलं. फ्रान्समध्येही निर्बंध त्याच सुमारास आले. छत्तीस वर्षं! २०२० मध्ये ब्रिटनच्या सरकारी चौकशीने स्पष्ट म्हटलं, की बायकांचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं नाही.

पण या इतिहासातून 'गोळी बंद करा' हा धडा घेतला तर तो जिवावर बेतेल. अचानक गोळी थांबली की फिट उसळून येतात, आणि मोठी फिट आई आणि बाळ दोघांनाही धोक्याची. आज तुलनेने सुरक्षित औषधं आहेत. बदल करायचा तो डॉक्टरांबरोबर बसून, शक्यतो दिवस राहायच्या आधी. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने १९९८ पासून फिटचा आजार असलेल्या गरोदर बायकांची नोंदवही ठेवली आहे, त्यामुळे आपल्याकडच्या बायकांचे अनुभव आकड्यांत आले. फिटचा आजार असलेल्या बहुसंख्य बायकांना धडधाकट मुलं होतात. ही माहिती त्या पर्सच्या कप्प्यापर्यंत पोचत नाही, एवढंच.

असो. मी डॉक्टर नाही आणि हा लेख म्हणजे वैद्यकीय सल्ला नाही. टेट, विल्सबाई, लीव्हर ही सगळी माणसं वाचून मला जे वाटलं ते इतकंच, की यात प्रत्येक वेळी कुणीतरी 'होणारच' म्हणायच्या आधी एक परीक्षा करून बघितली, आणि ती परीक्षा बऱ्याचदा अगदी स्वस्त होती. चमचाभर लघवी, दंडाचा पट्टा, काय खाता याची यादी. आपल्या घरात कुणाला दिवस गेले असतील आणि ती पडली, तर तिला डाव्या कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, जमलं तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या. पोटात किंवा खांद्यात दुखतंय का ते विचारा. कुठली गोळी चालू होती, कुठली बंद केली, हेही विचारा, आणि ते विचारताना सासू-सासऱ्यांना जरा बाहेर बसवा. मग त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सगळं ठीक निघालं, तर पेढे संध्याकाळी वाटता येतीलच.